हातकडीतल्या फेऱ्या

देवासच्या बसस्टँडवर दुर्गाताईंच्या मागच्या बाकावर एक हवालदार आपल्या आत्याशी बोलत होता.

"कैद्याला आईच्या दहनाला नेलं होतं, आत्या. त्याच्या हातकडीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला."

"मग मडकं घेऊन चितेला फेऱ्या कशा घातल्या रे त्यानं?"

"गुरुजी म्हणाले, भिया, खोल दो. साहेब म्हणाले, परमिशन नाही."

"मग?"

"मग मीही फिरलो. तिन्ही फेऱ्या."

"अरे देवा! लोक काय म्हणाले?"

"एका म्हातारीनं धाकटा मुलगा समजून माझ्या पाठीवरून हात फिरवला."

दुर्गाताईंची बस लागली. त्या उठल्या नाहीत.

"तुझी आई गेली तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या श्रीपादनं फेऱ्या घातल्या."

"म्हणून तर आज नीट घातल्या, आत्या."