भांग जरा कानाकडे सरकलाय

...नाही, मला सांगा, स्वतःच्या डोक्यावर किती केस ठेवायचे हेसुद्धा बायकोनेच ठरवायचं? मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि ही म्हणते, "अहो, ती बट कापा आधी! फोटोत डोक्यावर रेघ ओढल्यासारखी दिसते." रेघ! तुम्हाला सांगतो, ती बट डाव्या कानामागून निघते, सगळं मैदान पार करते आणि उजव्या कानाशी टेकते. जिवापाड जपलीय मी तिला! वारा सुटला की लोक छत्री धरतात, मी बट धरतो. टक्कल नाही हो मला, भांग जरा कानाकडे सरकलाय, एवढंच!

तर ही म्हणाली, "मेलेल्या केसांचे लाड किती!" मेलेले म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लागली पैज! मुळं जिवंत निघाली तर बट राहणार, मेलेली निघाली तर सगळं साफ! माझी भाची कातडीची डॉक्टर, तिच्याकडे मायक्रोस्कोपही आहे. गेलो दोघं. भाची म्हणाली, "मामा, टाळूवरचा मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा पुरे." पण मी ऐकतोय होय? म्हटलं, ताडून कशाशी बघणार? एक चांगल्या जागेचाही घे! "चांगली जागा कुठली?" मी ऐटीत बोट ठेवलं डाव्या कानामागे, "ही! अख्ख्या डोक्यात अशी जमीन नाही!"

पालथा पडलो, इंजेक्शनने डोकं बधिर, आणि वरून आवाज, "मामा, इथले केस भादरावे लागतील हं. नक्की इथलंच?" "अगं बेधडक घे!" करकर करकर... मग डोक्याला हे भलंमोठं बँडेज. कोपऱ्यात ही तोंड दाबून हसत होती. मला वाटलं, बँडेजला हसतेय.

टाके काढायला गेलो तेव्हा भाचीने आधी मायक्रोस्कोपखाली त्या तुकड्यांची काच दाखवली. काय सांगू तुम्हाला! गुलाबी-जांभळा नुसता बगीचा! खाली कांद्यासारखा गड्डा, त्याच्या पोटात शिरलेलं इवलंसं बोंड, तेच म्हणे केसाला पोसतं. भोवती आवरणांवर आवरणं, बाजूला तेलाच्या टम्म पिशव्या, आणि एक बारीकसा स्नायू. "भीती वाटली की हा ओढला जातो, मामा, आणि केस उभा राहतो." म्हणजे ही हाक मारते तेव्हा! "आणि टाळूवरची मुळं?" मी जीव मुठीत धरून विचारलं. "आहेत की! आखडून पार चिमुकली झालीत, पण जिवंत आहेत. आणि कानामागची तर एक नंबर!" खरं सांगतो, डोळे भरून आले माझे! हिच्याकडे वळून म्हटलं, ऐकलंस? टक्कल नाही हो मला, भांग जरा कानाकडे...

तेवढ्यात भाचीने बँडेज सोडलं. सवयीने हात बटेला गेला. बट कुठाय? इकडे चाचपतोय, तिकडे चाचपतोय...

"मामा, विचारलं होतं ना मी, भादरू का म्हणून?"

"अगं, पण बट तिथूनच निघते!"

"मग काळजी कशाला? उत्तम मुळं आहेत, येईल पुन्हा! त्या कानापर्यंत पोचायला... दोन-तीन वर्षं."

आणि ही? ही इतक्या गोड आवाजात म्हणाली, "जिंकलात हो पैज! ठेवा तुमची बट!"

लग्नाचे फोटो झकास आलेत. सगळ्यांत आधी माझंच डोकं दिसतं, दिव्यासारखं. आता काय लपवायचं तुमच्यापासून? टक्कल आहे हो मला... पण मुळं एक नंबर! बघायचीत? भाचीकडे जा, काचेवर आहेत!