पणजोबांच्या तलवारीला निकेल

बारामतीच्या स्टँडवर भवानीनगरच्या यष्टीची रांग लागली होती. दगडूतात्यांच्या पुढं हिंदुराव आणि त्यांची बायको शकुबाई उभी होती. हिंदुरावांच्या काखेत पोत्यात गुंडाळलेली तलवार होती, आणि तात्यांचे कान तिच्याहून लांब झाले होते.

“अवं, पणजोबांची तलवार निकेल मारायला दिलीच कशी तुमी?”

“उद्या मोरगावचं मानसिंगराव पोरीसाठी आपलं घराणं बघाया येणार. त्यांना गंजकी दावू व्हय? शोकेसात टीव्हीशेजारी चकाकाय नगं?”

“आन् मुठीवरची सोन्याची वेल?”

“घासली निकेलवाल्यानं. म्हणला, आधी समदा मळ काढावा लागतो.”

“मळ! आता बँडवाल्याच्या मास्तराची दिसती ती. पाव्हणं म्हणतील, घराणंबी कालच बाजारातनं आणलंय. मोडलं पोरीचं लगीन!”

“गप, लोक ऐकत्यात.”

“ऐकतोयच की,” तात्या म्हणाले. “हिंदुराव, निकेल खरवडा, मीठ चोळा आन् उकिरड्यात पुरा. सकाळी शिवकाळातली निघंल.”

“पाव्हण्यांना पटंल का, तात्या?”

“न पटाया काय झालं? मानसिंगरावांनी सोताची तशीच पिकवलीया. नवी कोरी पुरली हुती, म्याच खड्डा काढला.”