मुलांना दिलेल्या तारखा

समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रधान न्यायाधीश साहेब, आज ज्यांचा निरोप घ्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या मॅडम, येत्या सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर बसणारे नवे न्यायाधीश साहेब, वकील संघटनेचे पदाधिकारी, मॅडमचे यजमान आणि कन्या, कार्यालयातले सहकारी, आणि मागच्या बाजूला उभे राहून चहाच्या टेबलावर लक्ष ठेवणारे सर्व मित्रहो,

मी या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक आहे. म्हणजे नवरा-बायकोचं पटेनासं झालं की ते आधी माझ्याकडे येतात आणि दोघं मिळून माझ्यावर चिडतात. निदान तेवढं एकमत मी घडवून आणते, याची नोंद घ्यावी.

आधीच्या वक्त्यांनी मॅडमना 'मातृहृदयी' म्हटलं. तेव्हा मी मॅडमचा चेहरा पाहत होते. त्यांना तो शब्द अजिबात रुचलेला नाही. त्या मला नेहमी सांगायच्या, "मुलांना आई आहे, बाप आहे, म्हणूनच ती इथे आली आहेत. आणखी एक आई घेऊन ती काय करतील? त्यांना न्यायाधीश पाहिजे."

मॅडम जमीनजुमल्याच्या दाव्यांतून स्वतः मागून इकडे आल्या. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आल्या आल्या त्यांनी 'मुलाचा ताबा' या शब्दांवर आक्षेप घेतला. ताबा घराचा घ्यायचा असतो, म्हणाल्या. मूल कुणाकडे राहणार, असं म्हणा. कागदावर तो शब्द राहिलाच, पण त्यांच्या दालनात तो उच्चारायची कुणाची छाती झाली नाही. मुलांशी त्या एकट्याच बोलायच्या, मी फक्त कोपऱ्यात बसायची. 'आई हवी की बाबा' हा प्रश्न त्यांनी कधी केला नाही. डबा कोण भरतं, ताप आला की कुणाला हाक मारतोस, असं काहीबाही विचारत बसायच्या. बाहेर वकील मंडळी येरझाऱ्या घालत असायची.

एकदा एक अकरा-बारा वर्षांची मुलगी आली. आम्ही तिचं नाव 'मुख्याध्यापिका' ठेवलं होतं, कारण खुर्चीत बसल्या बसल्या तिनेच मॅडमना विचारलं, "तुम्ही हे काम किती वर्षं करताय?" तिचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. आई दवाखान्यात कारकून, ठरलेल्या वेळेला घरी येणारी. मुलीला राहायचं होतं वडिलांकडे. पण ते आठवडाभर रस्त्यावर असायचे आणि पोर शेजाऱ्यांच्या भरवशावर. मॅडमनी आईच्या बाजूने निर्णय दिला. असा निर्णय मुलांना घरी कळतो, आणि जो सांगेल त्याच्या सोयीने कळतो. म्हणून मॅडम तो स्वतः सांगायच्या. या मुलीलाही सांगितला.

ती शांतपणे म्हणाली, "मग मला विचारलंत कशाला?"

भल्याभल्या वकिलांची बोलती बंद करणाऱ्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "जे मला दिसलं त्यावरून ठरवलं. माझं चुकू शकतं. परीक्षा झाली की ये आणि मला सांग." आणि ती तारीख त्यांनी चक्क आदेशात घातली. उपाहारगृहात आपले एक ज्येष्ठ वकील म्हणाले होते, "झालं, आता वरिष्ठ न्यायालयाच्या डोक्यावर पोरांचं न्यायालय." ते पहिल्या रांगेतच आहेत, आणि हसताहेत म्हणून सांगितलं.

मुलगी तारखेला आली. "मी तुमच्याशी बोलणार नाही," असं सांगून खिडकीबाहेर बघत बसली. मॅडम म्हणाल्या, "बरं," आणि आपलं वाचन करत राहिल्या. वेळ संपली, पुढची तारीख दिली. वेळ फुकट गेला, असं मी म्हटलं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "न बोलायला का होईना, आली ना?"

पुढच्या खेपेला ती बोलली. "आई वाईट नाही. पण बाबा घरी नसतात म्हणून तुम्ही तसं ठरवलंत. आता ते डेपोत काम करतात. रोज संध्याकाळी घरी असतात." वडिलांनी हे आम्हाला कळवलं नव्हतं, पुन्हा भांडण नको म्हणून. मी वडिलांच्या घरी जाऊन पाहून आले. मॅडमनी दोघांना बोलावलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि आदेश बदलला. त्या मुलीची आई आजही मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मुलीने मात्र जाताना मॅडमना विचारलं, "आता तुम्हाला कुणी रागावणार नाही ना?"

तेव्हापासून मॅडमच्या प्रत्येक आदेशात मुलासाठी एक तारीख असते. काही मुलं येत नाहीत. एक जण तर फक्त हलणारा दात दाखवायला आला होता. हे कुठल्याही नियमात बसत नाही. आणि आता माझी खरी अडचण सांगते. यातल्या पुष्कळ तारखा आजच्या नंतरच्या आहेत. निरोपाची भेट काय देऊ, असं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "वस्तू नको. तेवढ्या तारखा सांभाळा."

नवे साहेब, समारंभाआधी मी तुमच्याकडे हा विषय काढला. तुम्ही म्हणालात, "हे नियमात नाही, पण बघू या." न्यायालयात इतकी वर्षं काढल्यावर 'बघू या'चा अर्थ मला कळतो, म्हणून आता सगळ्यांसमोर बोलते. हे नियमात नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यामुळे तारीख चुकली तर तुम्हाला कुणी जाब विचारणार नाही. मुलं तर नाहीच विचारणार. ती बंद दार बघतील आणि घरी जातील. मोठी माणसं नुसतं विचारल्यासारखं करतात, एवढं त्यांना पक्कं कळेल. मला याची भीती वाटते.

सोमवारी दोन भावंडांची तारीख आहे. ती मावशीकडे राहतात. "तेव्हा तुम्हीच असाल ना?" असं त्यांनी मागच्या वेळी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मी नसेन. पण ऐकायला कुणीतरी असेल." साहेब, तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने दिलेला हा शब्द आहे. मॅडमनी केलेलं एवढं एकच बेकायदा काम मला माहीत आहे.

मी फार बोलले. निरोपाच्या कार्यक्रमात मागणी करू नये, हा संकेतही मोडला. कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि चहा निवत असताना ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, तुमच्याबरोबर काम करायला मिळालं, हे माझं भाग्य. मी थांबते.

काय म्हणालात, साहेब? मागे ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. साहेब विचारताहेत, सोमवारी किती वाजता.

अकरा वाजता, साहेब. पण ती लवकरच येऊन बसतात.