पीच विकणारी म्हातारी

काकू, आणि सरांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनो,

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. सभेत कधी उभा राहिलो नाही. फ्रान्सहून आलोय, म्हणून तुम्ही मला बोलायला लावलंत. सकाळपर्यंत मनात वेगळंच होतं बोलायचं. आता ते तोंडातून निघत नाही.

हडपसरला सरांच्या चित्रकलेच्या क्लासातली बाकीची पोरं हळूहळू कॉम्प्युटर शिकायला गेली. मी वांगी काढत बसलो. सर मागे येऊन उभे राहायचे. "काय रे, वांगं काढतोयस की बुटाला पॉलिश करतोयस? काळा रंग कुठे दिसला तुला?" मग खुर्ची ओढायचे आणि सांगायचे, तरुणपणी ते वर्षभर फ्रान्सला होते. तिथे चर्चसमोर उघड्यावर बाजार भरतो. त्यात एक म्हातारी पीच विकते. एकेक फळ हातात फिरवते आणि त्याचा लाल गाल गिऱ्हाइकाकडे करून ठेवते. "ती बघते तसं बघ. चित्र येईल."

त्या म्हातारीसाठी मी घर सोडलं. दुबईत भांडी घासली. मग फ्रान्सला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागलो. सुट्टीच्या दिवशी बाजारात वही घेऊन बसतो. लाल मुळे काढले, भोपळे काढले, हिरव्या कमळासारखी दिसणारी आर्टिचोक नावाची भाजी काढली. म्हातारी कुठेच नाही. फोनवर म्हटलं, "सर, ती इथे नाही."

"नीट बघ," सर म्हणाले. "नाहीतर दुसरं गाव बघ."

मी गावं बदलली. त्यासाठी नोकऱ्या सोडल्या.

आज सकाळी काकूंना विचारलं, सर नेमके कुठल्या गावी राहिले होते? काकू म्हणाल्या, "अरे, ह्यांनी पासपोर्टसुद्धा कधी काढला नव्हता. सासूबाई मार्केट यार्डाबाहेर पेरू विकायच्या. त्या तसे मांडायच्या, पिवळी बाजू पुढे करून."

तुम्हाला माहीत होतं. सगळ्यांना. मी निघालो तेव्हा सरांच्या दारात तुम्हीच हार घातलात. "पीचवालीला आमचा नमस्कार सांग रे," असं म्हणून हसलात. मला वाटलं, मायेने हसताय.

आणि सर, तुम्ही? आईचं नाव घ्यायला काय झालं होतं? पेरूवरून मी बघायला शिकलो नसतो? मी क्लासला यायचो तेव्हा आजी जिवंत होत्या. बसने गेलो असतो. त्यांच्या पाटीशेजारी बसून चित्रं काढली असती. जिला अख्ख्या फ्रान्सभर शोधलं, ती एका बसच्या अंतरावर होती. आता ती कुठेच नाही.

येताना मार्केट यार्डाबाहेरून पेरू आणलेत. फोटोपुढे मांडलेत, पिवळी बाजू सरांकडे करून.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कुणी बोलू नये.

सर, तेवढ्या वेळात नीट बघा.