वरची कमाई

हसा लेको, पण हॉटेलात मी रोखच देणार. त्याचं कारण रफीकचाचा.

पुसेगावच्या रस्त्याला एका हॉटेलात ते वाढायचं काम करतात. परवा तिथं जेवलो. फोनवरून बिल भरताना वीस रुपये जास्त टाकले आणि म्हणलं, “चाचा, वरचे तुमचे.”

तेवढ्यात गल्ल्यावरची, पैसे जमा झाल्याचं सांगणारी पेटी सगळा आकडा मोठ्यानं बोलली. मालक तिथूनच म्हणाला, “थँक्यू, साहेब!” झालं! माझे वीस त्याच्या खात्यात.

चाचा बडीशेपची ताटली घेऊन उभेच होते. म्हणाले, “आधी बिलाचे सुटे ह्या ताटलीतच परत यायचे. लोकं त्यातले धा-वीस ठेवून जायचे. आता समदे फोनवरच देऊन राहिले.”

“मग पगार वाढवून मागा की.”

“मागितला. कामावर घेताना मालकच बोलले व्हते, पगार कमी हाय, पण वरची कमाई तुझी.”

“ती कमाईच बंद झाली, हे सांगितलं न्हाई?”

“सांगितलं ना.”

“मग काय म्हणले?”

चाचांनी माझं खरकटं ताट उचललं.

“म्हणले, रफीक, तू आता पहिल्यावानी हसून वाढत न्हाईस.”