कपाळावरच्या रेघा

छावणीच्या थांब्यावर करमाडच्या बसची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारी आणि तिचा मुलगा होता. पेंटरनं नुकतंच दिलेलं चित्र तिच्या मांडीवर होतं.

“मल्हारी, ह्यो तुझा बाप नाय.”

“आये, फोटूवरूनच काढलंय की.”

“मंग कपाळावरच्या रेघा कुठं गेल्या?”

“मीच पुसायला लावल्या. रंगबी उजळ दे म्हणलं. बघ, कसे शांत दिसतेत.”

“आपलं रान कारखान्यात गेलं, त्या साली पडल्या व्हत्या त्या.”

“म्हणूनच पुसल्या. भिंतीवर रोज बघायचंय आपल्याला.”

“शांत तर त्ये मेल्यावर दिसले, बाबा. मला जित्ते पायजेत.”

“आये, बस आली.”

“जाऊ दे. पेंटर दुकान बंद करायच्या आत रेघा वढून घिऊ.”