पाठ असलेला तक्ता

…त, ख, झ, ल, ध, प. झालं? सगळ्यात खालची ओळ, एकदाही न अडखळता. आता तेवढा दाखला लिहून द्या डॉक्टर, नजर ठीक आहे म्हणून, मी निघतो — तीनला मीटिंग आहे माझी. काय? दिवा? तक्त्यामागचा दिवा अजून लावलाच नाही तुम्ही? — अरे देवा.

हसू नका हो. नाही, हसला नाहीत, कबूल, पण हसला असतात तर बरं झालं असतं — हे असं रोखून बघणं नको. हो, पाठ आहे मला. आमच्या कंपनीच्या दवाखान्यात अकरा वर्षं हाच तक्ता टांगलाय, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली, आणि इकडच्यातिकडच्या सगळ्या चष्म्याच्या दुकानांत हाच असतो हे मला ठाऊक आहे. दरवर्षी तपासणी, दरवर्षी हीच ओळ. आधी वाचायचो. गेल्या वर्षी नुसती म्हटली. म्हणजे बघा, मी काही फसवायला आलो नव्हतो तुम्हाला — आता नव्हतो कसं म्हणू? त्यासाठीच तर आलो होतो.

पण काम काय आहे ते तरी ऐका, म्हणजे मला अगदीच लबाड समजणार नाही. विमानाला, उपग्रहाला जे पत्रे लागतात ते आम्ही करतो — पत्रे आपलं म्हणायचं, धातूचे नसतात ते. कार्बनच्या धाग्यांचं कापड असतं, त्याला रेझिन, म्हणजे चिकट राळ, लावायचं, थरावर थर चढवायचे आणि भट्टीत भाजून काढायचं. त्या रेझिनमध्ये आम्ही एक काळी पूड घालतो. नॅनोट्यूब म्हणतात. नळ्याच, पण केवढ्या? डोक्यावरचा एक केस घ्या — तुमच्या घ्या, माझ्या डोक्यावर मोजकेच उरलेत — त्याच्या जाडीचे दहा हजार भाग करा, त्यातला एक भाग, एवढी एक नळी! किलोभर रेझिनला पाच ग्रॅम पूड, जास्त नाही. पण तेवढ्यानं पत्रा हलकाच्या हलका राहतो, आणि कुठे तडा जायला लागलाच तर या नळ्या त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात, कापडाला टाके घालावेत तशा. खोड एकच. एकमेकींना सोडत नाहीत. पिठात गुठळ्या होतात ना, तशा यांच्या होतात, आणि जिथे गुठळी तिथे टाका तर सोडाच, तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून ते रेझिन तीन लोखंडी रुळांमधून सात वेळा काढायचं, दर वेळी रुळांमधली फट कमी करत करत. ते काम ताईचं. ताई म्हणजे नात्यातली नाही, वयानं माझ्या मुलीएवढी आहे, पण सगळे ताईच म्हणतात. आणि मग त्यातला एक थेंब दोन काचांमध्ये दाबून माझ्याकडे. मी सूक्ष्मदर्शकातून बघायचं, काळे ठिपके मोजायचे, पाचाच्या वर गेले की माल परत रुळावर. मला काय म्हणतात माहीत आहे? घार! मध्ये एक कॅमेरा घेतला होता या कामासाठी, तर साहेब म्हणाले, घार असताना कॅमेरा कशाला — आणि तो गेला कपाटात. केवढा फुगलो होतो मी त्या दिवशी. घरी जाऊन दोनदा सांगितलं.

हनुवटी इथे टेकवू? टेकवतो. बोलू नको म्हणता, बरं — पण बोललो नाही तर उठून जाईन मी, म्हणून बोलू द्या. गेल्या महिन्यात एका उपग्रहाचा पत्रा चाचणीला गेला. वर कसं असतं, उन्हात आला की शंभर अंशांच्या वर, सावलीत गेला की शून्याखाली तेवढाच, आणि हे दर दीड तासाला. तसंच खाली एका पेटीत घालून तापवतात, गोठवतात, परत तापवतात. बाविसाव्या फेरीला आतून टक् असा आवाज आला. कापून बघितला तर आत गुठळी, आणि गुठळीपासून निघालेला तडा, वीतभर. कुणाचा जीव नाही गेला, वर जायच्या आधीच कळलं, पण उड्डाण लांबलं आणि चौकशी बसली. साहेबांनी सगळ्यांसमोर मांडलं — घारीनं पास केलंय म्हणजे थेंब स्वच्छच असणार. मग ताईनंच सातऐवजी चार-पाच फेऱ्यांत उरकलं असणार आणि तपासायला थेंब दिला असणार दुसऱ्याच डब्यातला. झालं! आज तीनला तिला काढायचा कागद होतोय. फाइलला माझा एक दाखला जोडायचाय, बाहेरच्या माणसाकडून, नजर ठीक असल्याचा. नुसती औपचारिकता म्हणून.

तुम्ही विचाराल, त्या दिवशी काचेत काय दिसलं? — धुकं. वर्षभर धुकंच दिसतंय. सकाळी जरा कमी, दुपारनंतर जास्त. सात फेऱ्या तिनं पुऱ्या काढल्या होत्या, मी रुळांचा आवाज मोजला होता, सवयच आहे मला. पूड दमट आली होती, सात पुरल्या नाहीत, एवढंच. असं होतं कधी, म्हणून तर पुढे मी बसवलेला! आणि ती आली होती हो दारात. म्हणाली, काका, रंग मला सारखा वाटत नाहीये, अजून एकदा फिरवू का? मी काय म्हणालो? मी बघितलंय ना, म्हणालो. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का? — चार माणसांसमोर. ती गेली निमूट. आणि चौकशीत हे सांगितलं का तिनं? नाही. साहेब बोलत असताना ती फक्त माझ्याकडे बघत होती. काका आता सांगतील म्हणून. आणि काका मूग गिळून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण तोंड नाही उघडलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, घार म्हणून आलो तर घार म्हणूनच बाहेर पडावं, एवढाच हट्ट. घरी बायको पूर्वी सुई माझ्याकडूनच ओवून घ्यायची. आता तिनं सुई काढली की मला काहीतरी काम आठवतं आणि मी उठतो.

हे धुकं कधीपासून म्हणता? सांगता यायचं नाही नेमकं. काम अडलं नाही ना कधी. आकडे तर नीट दिसायचे मला. ताईच्या वहीतले — तारीख, डबा नंबर, फेऱ्या — ते मी अजून बिनचष्म्याचे वाचतो. तिचं अक्षरच मोठं आहे. म्हणजे आधी नव्हतं एवढं. आधी बारीक होतं, मुंग्यांसारखं, मीच ओरडायचो तिला. मग गेल्या वर्षी कधीतरी मोठं लिहायला लागली, एका ओळीत मावेल ते दोन ओळींत, जाड पेनानं, आणि मला वाटलं — मला वाटलं, सुधारली.

थांबा जरा. नाही, डोळ्यात काही गेलं नाही. थांबा.

तिला ठाऊक होतं हो. वर्षभर ठाऊक होतं तिला. चौकशीत तेवढं एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, आणि नाही बोलली. मी तिला चोर ठरवत होतो आणि ती मला सांभाळत होती, त्या जाड पेनानं!

लावा. लावा तो दिवा. हा तक्ता नको, दुसरा असेल तुमच्याकडे, तो लावा — मी कधी न बघितलेला. हं. वरचं मोठं अक्षर… क आहे. बहुतेक क. त्याखाली… त्याखाली…

नाही दिसत.

लिहा तसं. आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा डॉक्टर — तीनला सगळ्यांसमोर मलाच वाचून दाखवायचंय.